‘अलूफ’ आणि ‘तटस्थ’: किनाऱ्याच्या दोन बाजू

प्रश्न : मी वास्कोतील एका शाळेत इंग्रजी शिकवतो. एका उताऱ्यात नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याला ‘अलूफ’ असे विशेषण लावले होते आणि मी फळ्यावर ‘अलिप्त’ असा अर्थ लिहून दिला. संध्याकाळी आमच्या वाड्यावरच्या, उभी हयात जहाजावर घालवलेल्या एका वृद्ध तारवट्यांना हे सहज सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मास्तर, तो आमचा शब्द. सुकाणूवरचा.’’ ही थट्टा होती की यात काही तथ्य आहे? असल्यास सुकाणूवरचा शब्द माणसाच्या स्वभावाला कसा चिकटला, आणि ‘अलिप्त’ हा प्रतिशब्द कितपत बरोबर आहे?

उत्तर : आपले शेजारी थट्टा करीत नव्हते. इंग्रजीतील अनेक शब्दांना हौसेने जहाजावर चढवले जाते आणि त्यांतील बरीच व्युत्पत्ती बनावट निघते. इंग्लंड-भारत प्रवासात सावलीच्या बाजूच्या खोल्यांच्या तिकिटांवर मारलेल्या आद्याक्षरांपासून ‘पॉश’ शब्द आला, ही गोष्ट आपणही ऐकली असेल. परंतु तसे एकही तिकीट आजवर कोणी दाखवलेले नाही. ‘अलूफ’ची गोष्ट मात्र भक्कम आहे.

या शब्दाचे दोन तुकडे पडतात. पुढचा ‘अ’ आपला नकारार्थी ‘अ’ नव्हे. ‘अशोर’, ‘अबोर्ड’, ‘अड्रिफ्ट’ या शब्दांत जो आहे तोच हा, आणि त्याचा अर्थ ‘वर’, ‘कडे’ किंवा ‘त्या स्थितीत’ असा होतो. उरलेला ‘लूफ’ म्हणजे आजचा ‘लफ’: जहाजाची वाऱ्याकडची बाजू. डच भाषेत याच अर्थाचा ‘लूफ’ आहे आणि इंग्रज खलाशांच्या बोलीवर डचांची छाप किती खोल आहे, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ‘अलूफ’ ही मुळात सुकाणूवाल्याला दिलेली आज्ञा होती: जहाजाचे तोंड वाऱ्याकडे धर. इंग्रजी लेखनात हा शब्द १५३० नंतरच्या दशकात दिसू लागतो.

आता तोंड वाऱ्याकडे धरण्याचा आणि दूर राहण्याचा संबंध काय? शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. होकायंत्राच्या वर्तुळाचे ३२ भाग करीत, त्यांतील प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा. चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजाला वाऱ्यापासून असे सुमारे सहा भाग, म्हणजे ६७ अंशांच्या आसपास, सोडूनच पुढे सरकता येई. त्यातही ते जितके पुढे जाई, तितके थोडेथोडे आडवे वाऱ्याखाली ढकलले जाई. या आडव्या घसरणीला ‘लीवे’ म्हणतात, आणि ज्या बाजूला जहाज घसरते ती ‘ली’ची बाजू. त्या बाजूला मोकळा समुद्र असला तर फारसे बिघडत नाही. पण तिथे किनारा असला, तर सुकाणूवाल्याची डुलकी सगळ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून त्याने सतत तोंड वाऱ्याकडे ओढून धरायचे, आणि त्याचे फळ म्हणून जहाज किनाऱ्यापासून, खडकांपासून, शेजारच्या गलबतांपासून राखून राहायचे. ‘वाऱ्याकडे’ या अर्थातून ‘अंतर राखून’ हा अर्थ निघाला तो असा.

गोमंतकातील वाचकाला हे समजण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. जूनमध्ये नैऋत्येचा वारा समुद्रावरून जमिनीकडे सुटतो आणि आपली सबंध किनारपट्टी त्या चार महिन्यांसाठी ‘ली’ची बाजू होऊन बसते. पोर्तुगीजांची गलबते मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास लागत, यामागे हेच गणित होते. खनिजवाहू बार्जीसुद्धा पावसाळ्यात आग्वादचे मुख टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरत आल्या आहेत. आणि ज्याने जून २००० नंतर कांदोळीच्या किनाऱ्यावर फेरफटका मारला असेल, त्याला ‘रिव्हर प्रिन्सेस’ आठवत असेलच. वादळी वाऱ्यात किनाऱ्याला लागलेले ते अवाढव्य जहाज दहा वर्षांहून अधिक काळ वाळूत रुतून गंजत उभे होते. इंजिनाच्या जहाजाची ही गत, तर केवळ शिडांवर विसंबलेल्या तांडेलाने जून महिन्यात किनाऱ्याविषयी काय भावना बाळगली असेल, हे वेगळे सांगायला नको.

शब्द समुद्रावरून जमिनीवर आला तो लवकरच. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पॅरिस दफनभूमीत शिरताना सोबतच्या पोराला मशाल मागतो आणि ‘अलूफ’ उभा राहा असे सांगतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात, ३८ व्या स्तोत्रात, आजारी माणसाचे सखेसोबती त्याच्या व्याधीपासून ‘अलूफ’ उभे राहतात. दोन्ही ठिकाणी हे क्रियाविशेषण आहे आणि अर्थ निव्वळ अंतराचा: चार हात लांब. पोरगा शिष्ट होता असे पॅरिसला म्हणायचे नाही. तरीही स्तोत्रातल्या त्या लांब उभ्या राहण्यात मनाचा आखडलेपणा डोकावू लागलेला आहेच. विशेषण म्हणून शब्दाचा वापर साधारण सतराव्या शतकापासून होऊ लागला, आणि हळूहळू अंतर जमिनीवरचे न राहता स्वभावातले झाले. शिकवताना एक बारकावा सांगण्याजोगा आहे: ‘अड्रिफ्ट’, ‘अशोर’, ‘अस्लीप’ हे भाऊबंद इंग्रजीत सहसा नामाच्या आधी बसत नाहीत, ‘अलूफ’ मात्र बसतो. तो आपल्या गोतावळ्यापासूनही जरा फटकूनच राहतो म्हणायचा.

त्याचा जोडीदार ‘लीवे’ याचेही नशीब असेच पालटले. जो घसरण्याचा धोका होता, तो आज कचेऱ्यांतून ‘सूट’ किंवा ‘मोकळीक’ या अर्थाने वापरला जातो.

राहता राहिला प्रतिशब्द. ‘अलिप्त’मध्ये ‘लिप्’ हा धातू आहे. कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही, तसा जो चिकटत नाही तो अलिप्त. मराठीत हा शब्द बहुतेक वेळा गौरवाचा आहे, संताला शोभणारा. ‘अलूफ’मध्ये गौरव क्वचितच असतो. ‘उदासीन’ म्हणावे, तर आजच्या वापरात त्यात खिन्नतेची छटा शिरते. ‘तटस्थ’ म्हणजे वादात कोणाचीही बाजू न घेणारा. तो स्वभावाने गप्पिष्टही असू शकतो. पण या शेवटच्या शब्दाजवळ थोडे थांबावेसे वाटते. तट म्हणजे काठ. प्रवाहात न उतरता काठावर उभा राहतो तो तटस्थ. आपण दूर राहणाऱ्याला काठावर उभे केले आणि इंग्रज खलाशाने त्याला काठापासून लांब नेले. नदीकाठी राहणाऱ्याला पाण्याची भीती, समुद्रावर राहणाऱ्याला जमिनीची, इतकाच हा फरक असावा असे मला वाटते. नौकेतून जमिनीवर आलेले शब्द आपल्याकडेही आहेत: ‘कर्णधार’मधला कर्ण म्हणजे सुकाणू, पण आज तो शब्द ऐकून कोणाच्याही डोळ्यांसमोर क्रिकेटचे मैदानच येते.

आपल्या उताऱ्यातील शेजाऱ्यासाठी विशेषण शोधण्यापेक्षा क्रियापद वापरावे, असे मी सुचवीन: ‘तो सगळ्यांशी फटकून राहत असे.’ विशेषणच हवे असल्यास ‘तुटक’ चालेल; ‘माणूसघाणा’ फार कडक होईल. फळ्यावरचा ‘अलिप्त’ पुसण्याची गरज नाही, मात्र तो कोणत्या माणसाला लावावा आणि कोणत्या नाही, हे मुलांना एकेका उदाहरणाने दाखवावे. आणि जमल्यास त्या तारवट्यांना एक तास वर्गात बोलवावे. शीड वाऱ्याच्या फार जवळ नेले की त्याची पुढची कड, जिलाही ‘लफ’च म्हणतात, कशी फडफडू लागते, हे ते हातरुमाल धरूनही दाखवू शकतील.