वाचकांचे प्रश्न : गिटार आणि बासरीची संगत

प्रश्न : दिवसभराचे काम आटोपल्यावर मी रात्री गिटार आणि बासरीचे वाद्यसंगीत लावून बसतो. मन शांत करण्यासाठी म्हणून इंटरनेटवर तासन्‌तास चालणारी ध्वनिमुद्रणे मिळतात; परंतु थोड्याच वेळात ती एकसुरी वाटू लागतात. या जोडीत निवांतपणा नेमका कशामुळे येतो, आणि निवडून ऐकायचे तर काय ऐकावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गिटारची तार छेडली की तिचा नाद त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच विरू लागतो. बासरीचा स्वर मात्र वादकाच्या दमावर टिकतो. तो सावकाश फुलवता येतो, बारीकही करता येतो. शिवाय पाश्चात्त्य बासरीचा सर्वांत खालचा स्वर गिटारच्या खर्जाच्या तारेपेक्षा दीड सप्तकाहून अधिक वर असतो. त्यामुळे दोघांपैकी कोणालाही आवाज चढवावा लागत नाही, आणि बासरीवादक श्वास घेण्यासाठी थांबला की विरत चाललेली तार स्पष्ट ऐकू येते. माझ्या मते निवांतपणा त्या थांबण्यात आहे. आपण ज्यांचा उल्लेख केला आहे, त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रणांत वादक श्वास घेतो आहे असे कुठेही जाणवत नाही. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा जोडलेल्या असतात, म्हणून कान कंटाळतो.

सुरुवात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या 1967 सालच्या ध्वनिमुद्रिकेपासून करावी. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला असा तो मेळ आहे. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांच्या वेळांनुसार त्यात मांडलेला आहे. तिची निर्मिती एच.एम.व्ही. या ध्वनिमुद्रिका कंपनीत अधिकारी असलेल्या जी. एन. जोशी यांनी केली. ‘रानारानात गेली बाई शीळ’ हे भावगीत गाणारे तेच हे जोशी, आणि मराठी रसिकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे असे मला वाटते. ऐकताना एकदा तरी फक्त काब्रा यांच्या गिटारकडे लक्ष द्यावे. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटार आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवत ते वाजवीत, त्यामुळे पडद्यांच्या गिटारवर न साधणारी लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) त्यांच्या हातून सहज निघते आणि काही जागी ती बासरीच्या अगदी जवळ जाऊन पोहोचते.

पाश्चात्त्य संगीतातही या जोडीसाठी खास रचना आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नामध्ये राहिलेल्या माउरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाने दोन्ही वाद्यांना बरोबरीचे स्थान देणारी युगुलवादने लिहिली. ती प्रसन्न आहेत, मात्र झोपेपूर्वी ऐकण्याजोगी नाहीत. आपल्या वेळेला अधिक शोभेल ती अर्जेंटिनाचे संगीतकार आस्तोर पियाझोला यांच्या ‘इस्त्वार द्यु टँगो’मधील ‘कॅफे 1930’ ही संथ रचना. तिच्यात गिटार प्रथम एकटीच वाजत राहते आणि बासरी घाई न करता नंतर येते. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सु यांची ‘टोवर्ड द सी’ (1981) ही आल्टो फ्लूट आणि गिटारची रचना देवमाशांच्या रक्षणाच्या मोहिमेसाठी लिहिली गेली. आल्टो फ्लूट नेहमीच्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा सा ते म इतक्या अंतराने खाली उतरते आणि तिच्या स्वरात फुंकरीचा अंश जाणवतो. या रचनेत गुणगुणता येईल अशी धून फारशी नाही, म्हणून पहिल्या ऐकण्यात ती परकी वाटेल. तरीही दोन-तीनदा ऐकावी, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

प्रश्न : माझी मुलगी बासरी शिकते आणि भाचा गिटार. दोघे एकत्र वाजवायला बसले की सुरुवातीला सूर जुळतो, पण अर्ध्या तासात बिघडतो. यात कोणाचे चुकते?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : चूक बहुधा कोणाचीच नाही. श्वासाने बासरीतील हवा तापते तसा तिचा स्वर किंचित चढतो. गिटारच्या तारा मात्र उष्णतेने सैल पडून उतरतात. मुलीने आधी पाच-दहा मिनिटे बासरी वाजवून ती तापवून घ्यावी आणि मग भाच्याने बासरीबरहुकूम तारा लावाव्यात. बासरीचा सूर खुंटी पिळून बदलता येत नाही, त्यामुळे जुळवून घेणे गिटारकडेच येते.

एक सुचवावेसे वाटते. पांढरी तीनची, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली, बासरी असेल, तर गिटारच्या मोकळ्या तारा सा, म, कोमल नि, कोमल ग, प आणि पुन्हा सा अशा पडतात, म्हणजे भीमपलासी रागाच्या आरोहातील (चढत्या क्रमातील) सगळे स्वर एकही पडदा न दाबता हाती येतात. मुलगी भीमपलासीची आलापी करीत असताना भाच्याने केवळ सा आणि प या मोकळ्या तारा संथपणे छेडीत राहावे. पांढरी तीनची बासरी बरीच लांब असते, त्यामुळे मुलीची बोटे भोकांपर्यंत पोहोचत नसतील. तसे असेल तर तिला पांढरी पाचची बासरी द्यावी आणि गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावावा. तारांचे नाते तेच राहते.