सत्तरीत दान सुचलं, तर लोक हसतील का?

"ताई, आयुष्यभर पैशामागे धावलो. आता सत्तरी उलटल्यावर दान सुचलं, तर लोक हसतील का? आणि मुलं काय म्हणतील?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न बरेचजण माझ्याकडे घेऊन येतात. त्यांतल्या एका काकांची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका बडोद्याच्या दांडिया बाजारातले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, ते विकलं. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. विक्रीचे पैसे खात्यात जमा झाले आणि काकांची झोप उडाली. वडिलांच्या नावाने हॉल बांधायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. काकूंना मात्र पत्ताच नव्हता. "नाहीतर माझ्यामागे राहणार काय? वर्कशॉपची पाटीसुद्धा उतरवली त्यांनी," काका म्हणाले.

नावाची हौस असण्यात मला काही गैर वाटत नाही. बडोद्यात राहून तसं म्हणणार तरी कशी? हॉस्पिटल, बाग, विद्यापीठ, जिथे जाल तिथे सयाजीराव. पण १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि त्यानंतर गावोगावी वाचनालयं, एवढं काम त्या नावामागे आहे. म्हणून विचारलं, "हॉलमध्ये काय होणार?" "लग्नं, मुंजी…" म्हणता म्हणता काकाच हसले.

मग विचारलं, "जे काही कराल ते डोळ्यांनी बघायचंय, की तुमच्यानंतर झालं तरी चालेल?"

"बघायचंय," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. आणि मग हाताखाली तयार झालेल्या पोरांबद्दल जे बोलू लागले, ते थांबेनात. मायक्रोमीटर धड धरता न येणारा एक पोरगा पुढे स्वतःचं युनिट काढून बसला, हे सांगताना आवाज चढला होता. पुढच्या पिढीला काही देण्याची ही ओढ मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने १९५० मध्ये मांडली, ती मध्यमवयाच्या खात्यात. माझ्याकडे ती धंदा सुटल्यावर, सत्तरीतच जास्त दिसते.

पुढच्या भेटीला काकूंना आणायला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "द्या की. पण आधी माझ्या गुडघ्यांचं बघा, आणि उद्या आपल्यातलं कुणी अंथरुणाला खिळलं तर बाई ठेवायला लागेल, त्याचं बघा." आमच्या सगळ्या बैठकांमधलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य हेच. दोघांच्या म्हातारपणाची रक्कम आधी बाजूला निघाली.

मुलाशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा तो चिडला. पैसे त्याला नकोच होते. "ठरवून मोकळे झालात आणि मला आत्ता सांगताय?" हे त्याला लागलं होतं. वाटणीवरून भांडतील या भीतीने आईवडील मुलांपासून लपवतात, आणि भांडण होतं ते लपवण्यावरून. म्हणून मुलांना आधी सांगा, वकिलाकडे मग जा.

काकांना वकिलाकडे मीच धाडलं, कारण ट्रस्ट आणि मृत्युपत्र यांची त्यांची गल्लत होत होती. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. सार्वजनिक ट्रस्टला दिलेला पैसा मात्र सहसा परत घेता येत नाही. नुकताच धंदा विकलेल्या माणसाने एवढी मोठी उडी लगेच घेऊ नये, असं माझं मत. आधी वर्षभर लहान रकमा देऊन पाहाव्यात. आणि हो, दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणून ओळखली जाते ती) मिळत नाही. नव्या करपद्धतीत तर ती मुळातच नाही.

सध्या काका आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, कोर्स करणाऱ्या काही मुलांची फी भरतात, हत्यारं घेऊन देतात आणि शनिवारी त्यांना घरी बोलावून ड्रॉइंग वाचायला शिकवतात. मुलगा निवळला. नाराज आहे ती मुलगी, कारण आजोबांच्या नावाचा हॉल तिला हवा होता! तिच्याशी बोलायला काका पुढच्या महिन्यात पुण्याला जातायत. फोनवर हा विषय काढू नका, एवढं मी सांगून ठेवलंय.