कोलाज म्हणजे सरमिसळ नव्हे

अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सच्या ‘फ्लॅग’ या अमेरिकेच्या निशाणाच्या चित्राला ‘तो कोलाज’ म्हणावं की ‘ते कोलाज’, आणि ‘मिश्र माध्यम’ म्हटलं तरी अर्थ तोच ना, असं एका वाचकाने विचारलं आहे. लिंगाचं सोपं आहे. चित्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते कोलाज’. ‘तो’सुद्धा ऐकू येतो, त्यावर मी भांडणार नाही.

भांडण आहे ते अर्थावरून. गाण्यांच्या कार्यक्रमाला ‘सुरांचं कोलाज’, ललित लेखांच्या संग्रहाला ‘आठवणींचं कोलाज’! चार गोष्टी एकत्र आल्या की म्हणा कोलाज. त्यासाठी मराठीत सरमिसळ आहे, संकलन आहे, मेळ आहे. कोलाजचा सगळा जीव चिकटवण्यात आहे. फ्रेंच ‘कोले’ म्हणजे चिकटवणं आणि त्यामागे ग्रीक ‘कोल्ला’, म्हणजे आपला सरस. कातडी-हाडं उकळून सरस निघतो तो ज्या प्रथिनामुळे, त्याचं नाव कोलॅजन. तेही याच ‘कोल्ला’वरून.

पण खरी गंमत ‘प्रोटोकॉल’ या शब्दात आहे. ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला, आणि पुढे पुन्हा ‘कोल्ला’. पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाचे, ताव एकाला एक चिकटवून गुंडाळी करत, तिच्या पहिल्या तावाला ‘प्रोटोकोलॉन’ म्हणत. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळात गुंडाळी कोणत्या अधिकाऱ्याच्या अमलात आणि कधी तयार झाली, याची नोंद त्या तावावर असे. हा ताव कापून टाकू नये, असा हुकूम सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या दस्तलेखकांना दिला होता, कारण खोटे दस्त त्यावरून पकडता येत. तिथून शब्द दस्तांच्या मसुद्यात गेला, मग मुत्सद्द्यांकडे, आणि शेवटी आपल्या राजशिष्टाचारात. ध्वजाचा प्रोटोकॉल आणि ध्वजाचं कोलाज हे शब्द एकाच सरसाने जोडलेले आहेत!

आता ‘फ्लॅग’ पाहा. 1954-55 सालचं हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. जॉन्सने ते आधी घरगुती एनॅमल रंगात सुरू केलं, पण तो लवकर वाळेना. मग त्याने वितळलेल्या मेणात रंग कालवला, वर्तमानपत्राचे कपटे त्यात बुडवले आणि कापडावर बसवले. मेण क्षणात गोठतं, त्यामुळे पुढचा फटकारा आधीच्याला बिघडवत नाही. इथे रंगही मेण आणि सरसही मेण. लाल-पांढऱ्या पट्ट्यांखालून छापील ओळी दिसत राहतात. माझं ठाम मत आहे की हे कपटे त्या चित्राचा प्रोटोकोलॉन आहेत, काळाची नोंद असलेला चिकटवलेला थर. निशाणावर तारेही 48च आहेत, तेव्हाच्या दर राज्याला एक. अलास्का आणि हवाई राज्यं झाली 1959 साली. कपटे फक्त पोत आणण्यासाठी आहेत असं म्हणणाऱ्या समीक्षकांनी ते चित्र दुरूनच पाहिलं असावं.

‘मिश्र माध्यम’ म्हणजे मात्र केवळ साहित्याची यादी. काय कशाला कसं धरून आहे, ते त्यातून कळत नाही. जॉन्सचा समकालीन अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग याला हे नेमकं कळलं होतं. 1955 सालच्या ‘बेड’मध्ये त्याने उशी आणि गोधडी रंगवून उभी केली, ‘मोनोग्राम’मध्ये पेंढा भरलेल्या अंगोरा बोकडाच्या कमरेत टायर घातला, आणि अशा कामांना ‘कम्बाइन’ हे वेगळं नाव दिलं. 1961 साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येच तिथल्या विल्यम साइट्झ या प्रदर्शन-संयोजकाने प्रदर्शन मांडलं आणि कोलाज, कम्बाइन, सापडलेल्या वस्तू, सगळ्यांना ‘असेंब्लाज’ या एकाच छत्राखाली बसवलं. मला ते मुळीच मान्य नाही. असेंब्लाज म्हणजे जुळणी. खिळा ठोकून जुळवता येतं, दोरीने बांधून जुळवता येतं, नुसतं शेजारी ठेवूनही. 1912 साली ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी कागद चिकटवले ते चित्राच्या पृष्ठभागाशी एकजीव करण्यासाठी. हा फरक साइट्झसारख्या जाणकाराने पुसायला नको होता.

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर प्राथमिक शाळेतलं ‘चिकटकाम’ घ्या. शब्द पोरकट वाटतो अशी तक्रार येते, पण ‘कोलाज’चा मूळ अर्थ याहून एका अक्षरानेही भारदस्त नाही.