प्रोजेक्ट मॅनेजरच्या मुलाखतीआधी स्वतःचं हिंडरन्स रजिस्टर वाचा

प्रश्न : मॅडम, मी सिव्हिल इंजिनिअर. नऊ वर्षांपासून हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत कारखान्यांच्या इमारतींवर साइट इंजिनिअर आहे. पुढच्या महिन्यात एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत आहे. मागे अशाच एका मुलाखतीत विचारलं, ‘काम मागे पडलं तेव्हा काय केलं?’ मी म्हटलं, ‘लेबर वाढवलं.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि तिथेच विषय संपला. आता प्रश्नोत्तरांची दोन पुस्तकं आणली आहेत. पाठ करू का? इंग्रजीही तुटक आहे.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, पुस्तकं राहू द्या. नऊ वर्षांत तुम्ही जे पाहिलंत ते त्यांत सापडायचं नाही, आणि समोरच्याला तेच ऐकायचं असतं. मी बरीच वर्षं मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्यालाच कळतं.

‘लेबर वाढवलं’ या उत्तरात काय कमी होतं, ते आधी पाहू. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब असेल तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याखालचे टेकू साधारण 14 दिवस ठेवावे लागतात. माणसं दुप्पट केली म्हणून ते 7 दिवसांत निघत नाहीत. सेंट्रिंगचं साहित्य (स्लॅबच्या साच्याच्या प्लेट्स आणि टेकू) एकाच मजल्यापुरतं असेल तर वाढवलेली माणसं नुसती बसून राहतात आणि त्यांची मजुरी मात्र चालू राहते. म्हणजे प्रश्न माणसांचा नव्हताच. काम नेमकं कशापाशी अडलं होतं, हे तुम्ही ओळखलंत का, हे त्यांना पाहायचं होतं. प्लेट्सचा दुसरा संच आणला का? फाउंडेशनच्या जीएफसी, म्हणजे बांधकामासाठी मंजूर झालेल्या ड्रॉइंगसाठी कन्सल्टंटच्या मागे लागलात का? स्लॅबची वाट पाहताना ती टोळी कंपाउंड वॉलवर वळवली का? यातलं जे तुम्ही स्वतः ठरवलं, ते सांगा. जी कामं लांबली की सगळंच लांबतं त्यांची साखळी, म्हणजे क्रिटिकल पाथ, तो हाच. तुम्ही तो रोज जगता, फक्त त्याचं नाव घेत नाही.

म्हणून या आठवड्यात एक करा. जुन्या कामांची हिंडरन्स रजिस्टरं (काम कशामुळे, किती दिवस अडलं याच्या नोंदवह्या) आणि तुमच्या साइट डायऱ्या आठवून चार प्रसंग लिहून काढा. एक उशिराचा, एक खर्च वाढल्याचा, एक भांडणाचा (पेटी कॉन्ट्रॅक्टरशी म्हणजे उपठेकेदाराशी, क्लायंटशी, कोणाशीही) आणि एक सुरक्षेचा. प्रत्येकात तारखा हव्यात, आकडे हवेत, आणि तुमचा निर्णय हवा. सुरक्षेचा प्रसंग टाळू नका. उंचीवरचं काम तुम्ही कधी थांबवलं असेल आणि त्यासाठी वरिष्ठांची नाराजी पत्करली असेल, तर माझ्या दृष्टीने चारांतला तोच सर्वांत वजनदार. जुन्या कंपनीचे रेट आणि कागद मात्र सोबत नेऊ नका. जो आज त्यांचे दाखवतो तो उद्या आमचे दाखवेल, असंच समोरचा धरून चालतो.

नागपूरचा उन्हाळाही हमखास विचारतील. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास जातो. आयएस 7861 प्रमाणे 40 अंशांच्या वर केलेलं काँक्रीटिंग हे उष्ण हवामानातलं काँक्रीटिंग धरतात. रात्री ओतायचं ठरवलं, तर आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या किती अंतराने, पाणी कुठून, क्यूरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) दुपारी माणूस कोण, लाइटची सोय काय, आणि जूनच्या मध्यावर पाऊस लागायच्या आत पायाचं खोदकाम संपतं का? हा सगळा हिशेब तुमच्या तोंडावर असेल. तो सविस्तर सांगा, आखडू नका.

आता थोडं गणित. साइटवर आपण बारचार्ट (वेळापत्रकाचा तक्ता) आणि आरए बिल (झालेल्या कामाचं वेळोवेळी निघणारं बिल) बघतो, पण मॅनेजरला दोन्ही एकत्र वाचता यायला हवेत. समजा काम 1 कोटीचं आहे. आजपर्यंत 50 लाखांचं व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात 40 लाखांचं झालं, आणि त्यावर खर्च झाला 45 लाख. वेळेचा निर्देशांक 40 भागिले 50, म्हणजे 0.8. खर्चाचा 40 भागिले 45, म्हणजे साधारण 0.89. हीच चाल राहिली तर काम संपेपर्यंत साडेबारा लाख जास्त लागतील. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. तुमच्याच एखाद्या जुन्या कामाचे आकडे घालून दोनदा करून बघा, हात बसेल.

वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाचाही विचार करून जा. 3.14 किलोमीटर, खाली रस्ता, मध्ये महामार्गाचा उड्डाणपूल, वर मेट्रो, आणि सगळ्यांचे खांब एकच. एका संस्थेचं ड्रॉइंग बदललं तर दुसरीच्या कामाचं काय होईल, मंजुरी कोणाची, खर्च कोणाच्या खात्यावर? अनेक मालकांचं एक काम कसं सांभाळाल, असं विचारलं तर हे उदाहरण सर्वांना माहीत आहे.

इंग्रजीची भीती सोडा. छोटी वाक्यं बोला. आकडे इंग्रजीत न अडखळता सांगता येतील एवढा सराव घरी मोठ्याने करा. अडलं तर हिंदीत सांगितलेलं चालतं, नागपूरच्या साइटवर अर्धा दिवस हिंदीच असते.

आणि तुम्हीही विचारा. आरए बिलावर सही कोणाची? पेटी कॉन्ट्रॅक्टर बदलायचा अधिकार मॅनेजरला आहे का? मुदतवाढीची पत्रं कोण लिहितं? अधिकार नाही आणि दंड मात्र तुमच्या माथी, अशी जागा असेल तर पगार कितीही असो, मी तिथे जाऊ नका म्हणेन.

प्रश्न : मी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, दोन वर्षं झाली. मॅनेजर व्हायचं तर पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र लगेच करावं का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : लगेच होणार नाही. चार वर्षांची पदवी असणाऱ्यांना पीएमपीसाठी प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. टेस्टिंगची दोन वर्षं त्यात धरू नका. पीएमपी देणाऱ्या संस्थेचीच सीएपीएम ही सुरुवातीची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. पण माझा आग्रह वेगळा आहे. पुढच्या रिलीजचं दोष-निवारणाचं वेळापत्रक मागून स्वतःकडे घ्या, रोजची स्टँडअप (टीमची छोटी बैठक) काही दिवस तुम्ही चालवा. फीचे पैसे त्यानंतर भरा.