आधी मण्याचं वेज बघा

रेवदंड्याला घेतलेल्या माळेतले लाल अकीक आणि बारीक काचमणी खरंच दोन हजार वर्षांचे आहेत का, असं तुम्ही फोटो टाकून विचारलंय. फोटोवरून वय सांगणं मला पटत नाही. मणी उजेडात धरा, दहापट भिंग लावा आणि वेज, म्हणजे दोरा ओवायचं आरपार भोक, बघा.

लाल अकीक बहुतेक खंभातचा. तिथले कारागीर हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, दोन्ही बाजूंनी वेज पाडत, म्हणून मध्यावर बारीकशी पायरी राहते. आरपार सरळ, एकसारखं वेज दिसलं तर यंत्राचं काम समजा. पायरी दिसली म्हणूनही मणी प्राचीन ठरत नाही. हाताचं काम अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं. माझा भरवसा झिजेवर. पिढ्यान्‌पिढ्या दोऱ्यात राहिलेल्या मण्याच्या वेजाची कड गोलावते, शेजारच्याला घासून टोकं चपटी होतात.

काचमण्यात बुडबुडे बघा. वेजाच्या दिशेने लांबट असतील, तर काचेची नळी ओढून तिचे तुकडे केलेत. वेजाभोवती वळसे दिसले, तर काच सळईवर गुंडाळलीय. असे ओढीव मणी रोमन काळात पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू बंदरात बनत, आणि तसले मणी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत सापडतात. पण आंध्रातल्या पापनायडूपेटला ती पद्धत पुढेही टिकली, त्यामुळे एवढ्यावरून ‘रोमन काळातले’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

रेवदंड्याशेजारचं चौल हे जुनं बंदर खरंच. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथात त्याचं नाव सेमुल्ला असं येतं. म्हणूनच कळकळीने सांगतो, तिथल्या शेतातून, पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून) मणी वेचू नका, वेचलेले विकतही घेऊ नका. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होता, हे गेलं की मणी मुका झाला. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठवायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे.

जमवायचं तर घरातून सुरुवात करा. आजीची गळसरी मी हौसेने नव्या नायलॉनमध्ये ओवून घेतली आणि पटवेकऱ्याच्या (दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्याच्या) हातची जुनी गाठ फेकून दिली. मणी सगळे आहेत, पण ते कोणत्या क्रमाने होते हे आता कुणालाच आठवत नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

तुमची माळ तोडू नका, साबणात बुडवू नका. विकणाऱ्याकडे परत जा, ती कुठल्या गावातून, कुणाच्या घरातून आली ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून माळेसोबत डबीत ठेवा. वेजाचे जवळून काढलेले फोटो टाका, मग अकिकाबद्दल आणखी सांगता येईल.