राजन्यात ऑक्सिजन दहापट? लाइन बदलून बघ

भाऊ, अर्काइव्हमधनं राजन्य ताऱ्याचा (रायगेल) स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाची रंगपट्टी, घेऊन त्यातल्या 7774 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या ऑक्सिजन लाइनी (काळ्या रेघा) मोजल्यास आणि उत्तर सूर्याच्या दहापट आलं, गणित कुठं चुकलं असं विचारलंयस. गणित बरोबर असेल, गृहीतक चुकलंय. तुझा प्रोग्रॅम एलटीई (स्थानिक उष्मीय समतोल) धरून चालतो, म्हणजे कुठल्या एनर्जी लेव्हलला किती अणू हे तिथल्या टेंपरेचरवरनंच ठरतं असं मानतो, आणि सूर्यात बऱ्याच लाइनींना ते चालून जातं कारण तिथं कणांच्या टकरी भरपूर. राजन्य 12,000 केल्विनचा फुगलेला सुपरजायंट, ग्रॅव्हिटी सूर्याच्या जवळपास 500 पट कमी, हवा इतकी विरळ की टकरी पुरत नाहीत, प्रकाशच अणूंना वरखाली करतो. त्यात 7774 ची खालची लेव्हल मेटास्टेबल (तिथनं अणू सहज खाली उतरत नाही), तिथं अणू तुंबतात आणि लाइन फुगते, म्हणून ऑक्सिजन जास्त वाटतो.

विरळपणा डोळ्यांनी बघायचाय? जानेवारीत त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पुढं गेलो होतो, कॅमेऱ्यासमोर मिलिमीटरला 100 रेघांची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच) लावून आधी व्याध घेतला मग राजन्य. व्याधाच्या पट्टीत हायड्रोजनच्या काळ्या रेघा अशा रुंद की लांबून दिसाव्यात, आणि राजन्याच्या इतक्या बारीक की मोठ्या करून शोधाव्या लागल्या, त्यात ग्रेटिंगवर दव. दाट हवेत त्या रेघा पसरतात, म्हणून त्यांच्या कडांवरनंच ग्रॅव्हिटी काढतात.

आता 7774 सोड आणि 6156-58 च्या अशक्त लाइनी घे, त्यांना नॉन-एलटीईचा, म्हणजे समतोल नसण्याचा, फटका खूप कमी बसतो. टेंपरेचर रंगावरनं नको काढू, वाटेतली धूळ रंग लाल करते. सिलिकॉनचा एक इलेक्ट्रॉन गेलेला आणि दोन गेलेले, दोन्हींच्या लाइनींतनं सिलिकॉन तेवढंच निघेल असं टेंपरेचर शोध, मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण (कुठल्या टेंपरेचरला किती अणूंचे इलेक्ट्रॉन निघून जातात ते सांगणारं) इथंच कामाला येतं. मायक्रोटर्ब्युलन्स (वायूच्या बारीक खळबळीचा वेग) सूर्याचा ठेवला असशील तर तोही बदल, सुपरजायंटमध्ये सेकंदाला 5-7 किलोमीटर सहज निघतो. टीलस्टी (TLUSTY) या प्रोग्रॅमचं बी वर्गातल्या तप्त ताऱ्यांच्या तयार मॉडेलांचं ग्रिड मात्र 15,000 केल्विनपासून सुरू होतं, राजन्याला पुरणार नाही.

एक मात्र सांगतो, नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी आला तर घाबरून खोडू नकोस, तो खरा असतो. गाभ्यात सीएनओ (कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन) चक्रात, म्हणजे हायड्रोजन जळताना, कार्बनचा नायट्रोजन होतो आणि ताऱ्याच्या फिरण्यानं तो माल ढवळून वर येतो. मला तर राजन्यात सगळ्यात भारी हेच वाटतं, आतल्या भट्टीची राख वरनं मोजता येते.

टेंपरेचर नि ग्रॅव्हिटी किती धरलीस ते टाक, 6158 चा आकडा आला की दोन्ही शेजारी ठेवून बघू.