‘पाव’ म्हणजे चौथा भाग का?

वडापावातला ‘पाव’ म्हणजे पूर्वी मोठ्या रोटीचा केलेला चौथा भाग, हे खरे का, असा प्रश्न दादरच्या एका वाचकांनी विचारला आहे. मुंबईत ही व्युत्पत्ती वारंवार कानावर येते आणि तिच्या जोडीला पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव, अशीही कथा सांगितली जाते. माझ्या मते दोन्ही टिकत नाहीत.

खाण्याचा पाव पोर्तुगीज भाषेतून आला. तिथे ब्रेडला साधारण ‘पाँउ’ असा सानुनासिक उच्चाराचा शब्द असून त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’ हे आहे. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा हा शब्द आपल्याकडे रुळला यात नवल नाही. मराठीने त्याची अनुनासिकता टाकली, गुजरातीच्या ‘पाउं’मध्ये ती आजही ऐकू येते. बंगालीत तोच ‘पाउरुटी’ झाला, तर पोर्तुगीज व्यापारी आणि मिशनऱ्यांबरोबर जपानला गेलेला शब्द तिथे ‘पान’ म्हणून स्थिरावला. जपानमध्ये पावाला चौथा भाग म्हणण्याचे काहीच कारण नव्हते.

पाव किलोतला ‘पाव’ मात्र संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून आला आहे. चतुष्पादाचा एक पाय तो चौथा हिस्सा, या कल्पनेतून पादाला हा अर्थ मिळाला. पावशेर, चार आण्यांची पावली, ‘पादोन’पासूनचा पाऊण आणि ‘सपाद’पासूनचा सव्वा हे सगळे त्याच घरचे. हिंदीतला ‘पाँव’, म्हणजे पाय, हाही पादाचाच वंशज असल्याने तुडवण्याच्या कथेला आधार मिळाल्यासारखे वाटते, पण लॅटिनमध्ये पादाचा खरा भाऊबंद ‘पेस’ हा आहे, ‘पानिस’शी त्याचा संबंध नाही.

मराठीचे व्याकरणही हे दोन शब्द वेगळे ठेवते. आपण ‘पावाला मस्का लाव’ म्हणतो, म्हणजे इथे सामान्यरूप होते. ‘पाव किलोला किती?’ असे विचारताना प्रत्यय किलोला लागतो आणि पाव जसाच्या तसा राहतो. शिवाय भाकरीच्या चौथ्या भागाला मराठीत ‘चतकोर’ हा नेमका शब्द आहेच.

‘देव पावला’ यातला पाव तिसराच, संस्कृत ‘प्राप्’ या धातूपासून आलेला. पैसे पोहोचल्याची ‘पावती’ त्याच क्रियापदाची.